सरासरी नको, मोजणी दाव

बिरू,

तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. एकटीनं भांडणं फार जड जातं रे. तू असतास तर चष्मा कपाळावर चढवून, खुर्चीत मागे रेलून म्हणाला असतास, "बोल की सुजाता, मी कुटं पळून चाललोय?" आणि बघ, गेलासच. रविवारी दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस.

शोकसभा परवा झाली. तू कुठं शिकलास, किती निबंध छापलेस, किती मुलांना पीएचडी दिलीस, ते सगळं तिथं सांगून झालं. एकानं तर तुझं गावही चुकवलं. राहायला कुंभारीला होतास म्हणून तुला कुंभारीचा करून टाकलं. मंद्रूपहून आलेल्या तुझ्या थोरल्या भावानं, मायाप्पांनी, मान खाली घालून ते ऐकून घेतलं. मी त्यातलं काही इथं लिहीत नाही. मला त्या एका ओळीबद्दल तुझ्याशी बोलायचंय.

एमएस्सीला आपण एका बाकावर होतो आणि पुढं वीसेक वर्षं एका खोलीत. दोन टेबलं, एक कूलर. कूलरचं तोंड कुणाकडं यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी फिजिक्सवरून झाली नाहीत, असं तू पाहुण्यांना सांगायचास. खोटं होतं ते. फिजिक्सवरूनच जास्त झाली.

आपलं काम काय, ते तुझ्या बायकोला, शारदावहिनींना, तू भाकरीच्या परातीवर शेंगदाणे मांडून समजावलं होतंस. मला तेवढं सोपं कधी जमलं नाही, तरी सांगते. एक मोठी जाळी घ्यायची, बुद्धिबळाच्या पटासारखी, पण लाखो घरांची. प्रत्येक घरात एक जीव किंवा रिकामी जागा. जीव आपापल्या वेळी मरतात. रिकाम्या घरात नवा जीव जन्मायचा तर शेजारी दोन जिवंत हवेत, एकट्यानं भागत नाही. जन्माचा वेग आपल्या हातात. तो थोडा थोडा कमी करत न्यायचा आणि बघायचं, जाळी कधी ओस पडते. हाच खेळ थोडे नियम बदलून साथीच्या रोगाला लागतो, अफवेला लागतो, रानातल्या वणव्याला लागतो. पाणी हळूहळू तापतं पण उकळतं एका ठिकाणी, तसा इथंही एक उंबरठा असतो. त्याच्या वर वस्ती टिकते, खाली टिकत नाही. उंबरठा आहे, यावर आपलं एकमत होतं. भांडण होतं ते उंबरठ्याजवळ काय होतं यावर.

मी म्हणायचे, वस्ती विरळ होत होत शून्याला टेकते. उतारावरून चालत खाली यावं तशी. तू म्हणायचास, छे! चांगली भरलेली असताना एकदम कोसळते. मधली पायरीच नसते.

आणि तू पुरावा काय द्यायचास? मेंढ्या. तुझ्या वडिलांचा कळप. उन्हाळ्यात शेतकरी कळपाला शेतात बसवायला बोलावतात, रात्रभर मेंढ्या बसल्या की लेंड्यांचं खत होतं, बदल्यात धान्य मिळतं आणि चरायला रान मिळतं. "पर बोलवत्यात कुणाला?" तू विचारायचास. "मोठ्या कळपाला. पाच-पंचवीस मेंढ्या रानात बसून काय खत होणार हाय? आकडा एका हद्दीखाली गेला की बोलावणंच बंद. बोलावणं बंद म्हंजे चारा बंद. मग कळप हळूहळू कमी होत न्हाय बाई. त्या उन्हाळ्यात संपतोच." म्हणून दोन भाऊ वाटणी झाली तरी कळप मात्र एकत्र चारतात, हेही तूच सांगितलंस. मी हसायचे. चहाला हे ठीक आहे, म्हणायचे.

फेब्रुवारीतल्या सेमिनारला मात्र मी हसले नाही. मी माझा आलेख दाखवत होते. सुंदर उतार आला होता, एकही खाच नाही. माझ्या मते भांडण संपलं होतं आणि मी जिंकले होते. तू तिसऱ्या रांगेतून हात वर केलास आणि साधंच विचारलंस, "सरासरी नको, मोजणी दाव. जाळीत दर वेळेला किती जीव होते ते सगळे आकडे मांड. कळपात सरासरी चाळीस मेंढ्या म्हंजे एक साल ऐंशी आन् एक साल शून्य असंबी असतंय की."

प्रश्न बरोबर होता. आज मला कळतं की त्या दिवशी तेवढाच एक प्रश्न बरोबर होता. पण सभागृह भरलेलं, बाहेरून आलेले दोन प्राध्यापक पुढच्या रांगेत, आणि तू भर सभेत मंद्रूपची बोली आणि मेंढ्या घेऊन उभा. माझा तोल गेला. मी म्हणाले, "बिरुदेव, हा सेमिनार आहे, मंद्रूपचा बाजार नाही. मेंढ्या तिकडे जाऊन मोजा."

लोक हसले. पुढच्या रांगेतले तर मोठ्यानं हसले.

वीस वर्षं अरे-तुरे केलं तुला, आणि नेमकं त्या वाक्यात 'मोजा' म्हणाले. एखाद्याला त्याच्या घरादारावरून, जातीच्या धंद्यावरून चारचौघांत गप्प बसवणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वस्तीतून शाळेत गेलेली पोरगी मी, असं हसणं मी पाठीवर घेऊन वाढले आहे. तरी मी ते केलं. तू खाली बसलास आणि शेवटपर्यंत वहीत काहीतरी लिहीत राहिलास.

आठवड्यानं निबंधाचा मसुदा मी तुझ्या टेबलावर ठेवला. दोघांची नावं, निष्कर्ष माझा. तू वाचलास, सही केलीस आणि म्हणालास, "तुझ्या मशीनपुढं माझं काय चालणार?" मला ती थट्टा वाटली. वाटून घेतली, असं म्हणते. त्यानंतर तू वेळेवर यायचास, कामापुरतं बोलायचास, आणि कूलर स्वतःहून माझ्याकडं फिरवून ठेवायचास. ते मला सर्वांत जास्त लागायचं, आणि मी तुला एकदाही तसं म्हटलं नाही. माफी मागायची होती रे. रोज वाटायचं, आज चहाला मागू. एवढ्या वर्षांच्या माणसाची माफी मागायला लाज वाटते, हे किती बावळटपणाचं आहे.

मग निबंध स्वीकारला गेला, मग तो रविवार आला, आणि तू गेल्यानंतर आठव्या दिवशी, सोमवारी सकाळी, छापायच्या आधीची प्रुफं आली. अठ्ठेचाळीस तासांत तपासून पाठवा, नाहीतर आहे तसं छापू.

आपल्या एचओडींनी तोवर सगळं ठरवूनही टाकलं होतं. शोकसभेत 'डॉ. बिरुदेव यांच्या अखेरच्या शोधनिबंधाचे प्रकाशन'. बॅनरची ऑर्डर गेली होती. वहिनींचा फोन आला, "ताई, तेवढा यांचा कागद फोटोपुढं ठेवायचाय. मिळंल ना?" मी म्हटलं, मिळेल.

माझी सवय तुला माहीत आहे. प्रुफं आली की निदान एक आकृती मी पहिल्यापासून नव्यानं काढते, मूळ प्रोग्रॅम ओळ न ओळ वाचून. तू त्याला माझं सोवळं म्हणायचास. सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास वाचत वाचत मी त्या ओळीशी आले. जाळी पूर्ण रिकामी झाली तर मधोमध एक जोडी नव्यानं ठेव. आणि पुढं माझीच टीप: 'गड्ड्यापुरतं'.

आठवलं. जानेवारीत गड्ड्याची जत्रा, कॉलेज बंद. मध्येच एखादी जाळी ओस पडली तर मशीन चार दिवस रिकामं बसेल, म्हणून मी ती ओळ घातली होती. मेलं की परत पेरायचं. सुट्टी संपली की काढणार होते. काढली नाही. त्यानंतरचा प्रत्येक आकडा, सेमिनारचा तो गुळगुळीत उतार, सगळं त्या ओळीसकट चाललेलं. माझी जाळी मरतच नव्हती, मी तिला मरू देत नव्हते. काही काळ ती भरलेली असायची, काही काळ जवळजवळ ओस, आणि दोन्हींची सरासरी काढून मी मधला एक आकडा सांगत होते, जो जाळीत प्रत्यक्षात कधी नव्हताच. तू भर सभेत हेच म्हणाला होतास.

बाहेर सोलापूरचा मे महिना, आणि मी कूलर बंद केला. तुझ्या नावावर, तू जन्मात मानलं नसतंस ते मी छापून आणत होते, आणि तुला उठून नाही म्हणता येणार नव्हतं.

एचओडींकडं गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. आता जाऊ द्या, नंतर एक करेक्शन पाठवू. कोण बघतंय? लोकांना इमोशन महत्त्वाचं आहे." नंतर कसलं पाठवतात! नंतर म्हणजे कधीच नाही, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. खोटं कशाला बोलू, बिरू, दाराबाहेर आल्यावर पाच मिनिटं मला त्यांचं पटलं होतं. तू गेलेलास. सेमिनारला मी बोलले ते लोक विसरले असतील. माझी बढती छापलेल्या निबंधांच्या यादीवर अडलेली. एक ओळ खोडून टाकली की कुणाच्या बापालाही कळलं नसतं.

पण आधी खरं काय ते तर बघावं, म्हणून ओळ काढून दोन्ही बाजूंनी गणित लावलं. एक जाळी गच्च भरलेली, एक विरळ. जन्माचा वेग पायरी पायरीनं खाली. बुधवारी अकरापर्यंत निकाल हवा होता. मंगळवारी सकाळी आपल्या भागातली लाईट गेली. दुरुस्तीचं काम, संध्याकाळी पाचनंतर येईल, म्हणाले. दर तासाची अवस्था जपून ठेवायची सवय तूच लावलेली, म्हणून केलेलं वाया गेलं नाही. पण दिवस तर चालला होता. शेवटी कॉम्प्युटरचा डबा उचलला, रिक्षात मांडीवर घेतला आणि सात रस्त्याला आपल्या नेहमीच्या झेरॉक्सवाल्या अण्णांकडं गेले. त्यांच्याकडं जनरेटर आहे.

अण्णांनी काही न विचारता काउंटरखाली जागा करून दिली. मशीन सुरू झालं. वर बघते तर मोठ्या प्रिंटरमधून तुझा चेहरा बाहेर येत होता. आधी केस, मग कपाळ, मग चष्मा. शोकसभेचा बॅनर. खाली लाल अक्षरांत 'अखेरच्या शोधनिबंधाचे प्रकाशन'. अण्णा म्हणाले, "मॅडम, सरांचा फोटो जरा काळा आलाय का?" मी म्हटलं, "नाही, तसाच होता तो." आणि मग मला रडू आवरेना. अण्णांनी पंखा माझ्याकडं वळवला आणि गिऱ्हाइकांना दुसऱ्या बाजूनं यायला सांगितलं.

दुपारी चारपर्यंत गच्च जाळी टिकून होती. साडेचारला अजून एक पायरी खाली उतरवली, तरी चांगली भरलेली. मनातल्या मनात मी, हो, अजूनही, उताराची वाट बघत होते. खोड जात नाही. सहाच्या सुमारास पुढची पायरी घेतली आणि चहा संपायच्या आत पडद्यावर शून्य. मधे काही नाही. मग सगळे आकडे मांडले, तू सांगितलं होतंस तसे. उंबरठ्यापाशी दोन ढीग, एक भरलेल्या जाळ्यांचा आणि एक ओस पडलेल्यांचा. मधली जागा स्वच्छ रिकामी.

तिथूनच वहिनींना फोन लावला. एचओडींना सांगणं सोपं होतं. ज्या बाईनं एवढा एकच कागद मागितला होता तिला तो मिळणार नाही हे सांगायला तोंड उघडेना. मी म्हटलं, "वहिनी, निबंध मागं घ्यावा लागतोय. चूक आहे त्यात. माझी चूक आहे. मी एक ओळ..."

"काढायची राहिली," वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मागल्या महिन्यात बोललेले हे," त्या सांगू लागल्या. "घरच्या लॅपटॉपवर बघत बसलेले. म्हणाले, सुजातानं जोडी टाकायची ओळ घातलीया आन् काढायची राहिलीया. मी म्हटलं, मग सांगा की त्यांना. तर म्हणाले, प्रुफं आली की ती परत सगळं वाचती, तिची तिला सापडंल. न्हायच सापडली तर मग सांगतो."

"पण तेव्हाच का नाही सांगितलं?"

वहिनी म्हणाल्या, "मीबी हेच विचारलं. तर म्हणाले, मी सांगितलं तर ती परत मेंढ्याच काढायची."

बिरू, त्या वाक्यानंतर मी त्या फोनवर काय बोलले ते आठवत नाही. माझ्यावर तुझा केवढा विश्वास, की माझी चूक मलाच सापडणार! आणि माझी केवढी धास्ती, की महिनाभर एका खोलीत बसून सांगावंसं वाटलं नाही. दोन्ही एकाच माणसानं माझ्याबद्दल बाळगलं. मला तुझा रागही आला. अजून येतो. अरे, टेबलावर हात आपटायचास, मसुदा माझ्या अंगावर भिरकवायचास, सांगायचास की शहाणे, आधी तुझी ओळ बघ! मी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी आपण पुन्हा लागलो असतो कामाला. मी ऐकून घेतलं असतं. घेतलं असतं ना? तुला तशी खात्री राहिली नव्हती, आणि ती मीच घालवली होती, दोन वाक्यांत.

बुधवारी दहा वाजता संपादकांना पत्र गेलं. निबंध मागं घेत आहे, चूक माझी, सहलेखकाचं म्हणणं बरोबर होतं आणि ते न तपासता मी फेटाळलं. नव्यानं लिहीन, नव्यानं तपासला जाईल, वर्ष तरी लागेल. एचओडी माझ्याशी बोलत नाहीत. बॅनरवरच्या लाल ओळीवर अण्णांनी पांढरी पट्टी चिकटवून दिली. ऊन पडलं की तरीही अक्षरं दिसायचीच.

शोकसभा त्याच सभागृहात होती. माझी पाळी आली तेव्हा मी तिसरी रांग बघितली, तिथं मायाप्पा आणि वहिनी बसले होते. मी दोन आलेख दाखवले, खोटा आणि खरा. कळप शेतात बसवायचं सांगितलं. मग फेब्रुवारीत याच जागी उभी राहून मी तुला काय म्हणाले होते ते शब्द न बदलता सांगितलं, आणि म्हणाले की मला याची लाज वाटते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरंच झालं. ज्यांना तेव्हा हसू आलं होतं त्यांतले काही जण होते, ते फोनमध्ये बघत राहिले.

खाली उतरले तर मायाप्पा समोर आले. "ताई, म्हंजे ते पुस्तकात यायचं न्हाय का आता?"

"येईल. वर्षभरानं. त्यात त्याचंच म्हणणं असेल, आणि नाव त्याचं पहिलं."

"मेंढ्यांचं बी?"

"मेंढ्यांचंही."

त्यांनी मान हलवली. "त्येला लई बरं वाटलं असतं, तुमी बोलला ते ऐकून," म्हणाले, आणि टोपी सारखी करत वहिनींना घेऊन गेटकडं निघाले.

तुला बरं वाटलं असतं का? का तू नुसता मान खाली घालून वहीत लिहीत बसला असतास? मला ठाऊक नाही, आणि आता विचारायचं कुणाला. प्राध्यापक होते, विद्यार्थी होते, तुझी बायको होती, भाऊ होता. ज्याची माफी मागायची तो सोडून सगळे आले होते.